काखेत कळसा

गेल्या मंगळवारी मी एका अक्षराचं खोटं बोलले. मावसबहिणीची डिलिव्हरी झाली म्हणून तिला बघायला गेले होते. सिझर होऊन जेमतेम दीड दिवस झालेला. लघवीची नळी सकाळीच काढलेली, हातातली सुई अजून तशीच, आणि चेहऱ्यावर ते ओळखीचं सुजलेपण. बाळ पाळण्यात, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. नुसतं नाक आणि टोपड्याची झालर दिसत होती. तिच्या सासूबाई गरम पाणी आणायला खाली गेल्या, तसं तिने एकदा दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ताई, तुला लगेच आलं होतं ना गं दूध?" मी म्हणाले, "हो." आणि वर, "येईल गं तुलाही, टेन्शन नको घेऊस." तिने मान हलवली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मी अळिवाच्या लाडवांचा डबा टेबलावर ठेवला आणि निघाले.

मला लगेच आलं नव्हतं. चौथ्या रात्री आलं होतं.

जेहान सर्कलच्या सिग्नलला मागच्याने हॉर्न दिला तेव्हा कळलं की सिग्नल सुटलाय आणि मी अजून त्याच खोलीत बसलेय. का बोलले असेन मी तसं? तिला धीर द्यायला म्हणावं, तर धीर खऱ्या उत्तरातच जास्त होता. मग लक्षात आलं, मी काही ठरवून बोललेच नव्हते. सात वर्षांत हा प्रश्न मला बारशाला, हळदीकुंकवाला, बालवाडीच्या गेटवर इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर हाताळून हाताळून गुळगुळीत झालंय. "सिझर झालं, पण दूध भरपूर होतं हां." त्यातला तो 'पण' माझाच. सिझरनंतर एक 'पण' लावावा लागतो, नाहीतर वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं, जणू काहीतरी भरपाई द्यायची राहून गेलीय.

लेक झाली ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. चौदा तास कळा दिल्या, मग बाळाचे ठोके उतरायला लागले आणि दहा मिनिटांत सगळं पालटलं. सही, हिरवा गाऊन, "पाठ गोल करा ताई, अजून गोल," कण्यात सुई, आणि छातीखाली मी नव्हतेच. दुखत काही नव्हतं. फक्त गाठोड्याच्या तळातली गोधडी ओढून काढावी तशी ओढाओढ जाणवत होती. मग रडणं. पडद्यावरून एक जांभळट, चिडलेला चेहरा क्षणभर दाखवला, "मुलगी आहे, बघा." मी "हं" म्हणाले. सिनेमात बायका या ठिकाणी रडतात. मला थंडीने इतकी थरथर सुटली होती की दात वाजत होते, आणि मनात एकच विचार होता, कुणीतरी अजून एक ब्लँकेट टाका. तिला पुन्हा पाहिलं ते चार तासांनी. तोवर बोंडल्याने पावडरचं दूध पाजून झालं होतं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? मला तेव्हा पायाचा अंगठा हलवता येत नव्हता.

समोरच्या भिंतीवर पोस्टर होतं. जागतिक स्तनपान सप्ताह, 1 ते 7 ऑगस्ट. गुलाबी साडीतली, केस नीट विंचरलेली आई, मांडीवर बाळ, आणि खाली ठळक अक्षरांत, 'जन्मानंतर पहिल्या तासाभरात'. पलंगावरून मान वळवली की तेच दिसायचं. माझा पहिला तास कधीच उलटून गेला होता आणि पोस्टर काही हलणार नव्हतं. पुढे कधीतरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे 2019-21 चे आकडे वाचनात आले. देशात पहिल्या तासाभरात अंगावर घेतली गेलेली बाळं 42 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे त्या तासाला मुकलेल्यांची गर्दीच मोठी, आणि मी त्या गर्दीत उभी होते. तेव्हा मात्र वाटत होतं की अख्ख्या नाशकात मी एकटीच अशी, जिच्याकडे बाळ आहे आणि त्याला द्यायला काही नाही.

"दूध आलं का?"

आमच्या कॉलनीत सकाळी "पाणी आलं का?" ज्या सुरात विचारतात, अगदी त्याच सुरात. सासूबाई विचारायच्या, मामी विचारायची, शेजारच्या पलंगावरच्या बाईची जाऊ विचारायची, साफसफाई करणाऱ्या मावशी फरशी पुसता पुसता विचारायच्या. शेजारच्या पलंगावरचीची डिलिव्हरी नॉर्मल झाली होती. दुसऱ्याच दिवशी तिचा गाऊन छातीवर ओला दिसला आणि मला तिचा इतका राग आला की आजही लिहिताना लाज वाटते. बिचारीने काहीच केलं नव्हतं. उलट मला पाणी हवं असलं की तीच उठून द्यायची. मला कुशीवर वळायला पलंगाची दांडी धरून तीनदा श्वास घ्यावा लागायचा. तिची जाऊ एकदा, मी ऐकत नाहीय असं समजून, म्हणाली, "सिझरवाल्यांना येतच नाही गं फारसं." मी डोळे मिटून पडून राहिले. कळाही पुऱ्या झेपल्या नाहीत, आता हेही नाही. परीक्षेत दोन्ही पेपर गेल्यासारखं.

त्या आठवड्यात गोदावरीला पूर आला होता. नाशिककर पूर कसा मोजतात हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हेच आमचं माप. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. आमचे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. भेटायला यायचे ते छत्री दारात उभी करून, पॅन्टच्या दुमडी सोडत, आधी नदीची बातमी सांगायचे. गंगापूर धरणातून किती क्युसेकने सोडलंय, होळकर पुलावर बघ्यांची किती गर्दी आहे, सराफ बाजारातल्या दुकानदारांनी माल वर हलवला का. मग खुर्चीत बसून नातीकडे बघत राहायचे. 'दूध आलं का' हा प्रश्न न विचारणारा त्या खोलीतला तो एकच माणूस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रडत असताना ते आले. आईने त्यांना डोळ्यांनी खूण केली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "धरणातून सोडलं म्हणून लगेच गावात येत नाही. मध्ये अंतर असतं. लोक उगाच पुलावर जाऊन उभे राहतात." ते नदीबद्दलच बोलत होते की कसं, मला अजूनही कळलेलं नाही. विचारायचं राहून गेलंय, आणि आता विचारावंसंही वाटत नाही.

आलेलं मात्र होतं. आम्ही त्याला दूध म्हणत नव्हतो, एवढंच. आईने दाबून बघितलं तर दोन थेंब आले, पिवळे, चिकट. "हा नुसता चीक आहे," सासूबाई म्हणाल्या. नुसता! आमच्याकडे गवळ्याची गाय व्याली की त्याला चार दिवस आधी सांगून ठेवतात, चीक आमच्याकडे टाका हो. मग त्याचा खरवस होतो, वर वेलची-जायफळ, आणि वाट्या झाकून शेजारीपाजारी जातात. गाईचा चीक वाटीने वाटायचा आणि बाईचा पिळून टाकायचा. सिन्नरच्या आजीने सरळ सांगितलं होतं, तिच्या वेळी पहिले तीन दिवस चीक टाकूनच द्यायचे आणि बाळाला मध चाटवायचे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्याने जिवावर बेतू शकतं, हे मला डॉक्टरांकडून कळलं. आजीला कुणी सांगणार होतं? तिची पाच जगली, दोन गेली, आणि त्या दोघांबद्दल ती कधी बोलली नाही.

त्या दुसऱ्या रात्री ड्युटीला एक सिस्टर आली, पेठ तालुक्यातली. बारीक चणीची, बोलायला तुटक. लेक रडत होती, सासूबाई बोंडलं शोधत होत्या. सिस्टर म्हणाली, "थांबा आजी, आधी इकडे आणा." तिने उकळून घेतलेला स्टीलचा चमचा मागवला, माझा हात माझ्याच छातीवर ठेवला, अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागापासून जरा मागे. आत दाब, मग बोटं जवळ, मग सोड. दाब, जवळ, सोड. पहिल्या दोन मिनिटांत काहीच नाही. मग एक थेंब, दुसरा. दहा मिनिटांत चमच्याच्या खोलगट भागात हळदीच्या दुधासारखं काहीतरी जमलं. "अर्धा चमचा झाला," मी कसनुशी म्हणाले. ती म्हणाली, "मग? तिला एवढंच लागतं आज. तुमच्या डोळ्यासमोर पेला आहे, ताई. तिचं पोट बघा केवढं आहे." पहिल्या चोवीस तासांत बाळ एका वेळेला फार तर एक-दोन चमचे घेतं. पोटापेक्षा मोठं माप आम्ही घरच्यांनी लावलं होतं.

मग तिने मला पाजायला बसवलं. तोवर सगळे मला मांडी घालून बसायला सांगत होते, पोस्टरमधल्या बाईसारखं. मांडीवर बाळ घेतलं की त्याच्या टाचा नेमक्या टाक्यांवर बसायच्या आणि माझ्या तोंडून शिवी निघायची राहायची. सिस्टरने पलंगाची पाठ उचलली, उजव्या कुशीला दोन उशा रचल्या आणि विचारलं, "पाणी भरलंय का कधी? कळशी कशी घेता?" आजोळ सिन्नरचं म्हटल्यावर हे काय विचारणं? उन्हाळ्याच्या सुट्टीत टँकरमागे धावून कळश्या भरल्यात मी. "हां, तशी घ्यायची. काखेत." बाळाचं अंग माझ्या कोपराखाली, पाय पाठीमागे उशीकडे, मान माझ्या पंजात. पोटावर काहीच नाही, टाक्यांना दुपट्याचा पदरही लागत नव्हता. "आता तुम्ही वाकू नका. ओठाला लावा, ती आ करेल. मोठा आ. तेव्हा तिला तुमच्याकडे ओढा. नुसतं टोक नको, खालचा काळा भाग जास्त आत गेला पाहिजे." चारदा सुटलं. पाचव्यांदा लागलं. पलीकडून आई झोपेतल्या आवाजात म्हणाली, "बघ, काखेत कळसा नि गावाला वळसा." मला हसू आलं आणि हसल्याबरोबर टाक्यांत कळ गेली. सिझरनंतर हसणं, खोकणं आणि शिंकणं या तिन्ही गोष्टी उशी पोटाशी दाबूनच करायच्या असतात हे मी तेव्हा शिकले.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. तिसऱ्या दिवशी वजन केलं. जन्मताना 2 किलो 900 ग्रॅम होती, आता 2 किलो 660. खोलीत सगळ्यांचे चेहरे उतरले. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, आईला सलाईन भरपूर गेलेलं असलं तर बाळाच्या अंगातही जास्तीचं पाणी असतं, ते निघून जातं. लंगोट मोजा, दर दोन-तीन तासांनी अंगावर घ्या, उद्या परत बघू. मी 240 ग्रॅमचा विचार करत राहिले. वाण्याकडे पाव किलो मागितलं की पुडी जेवढी होते, जवळजवळ तेवढी माझी लेक कमी झाली होती.

त्या रात्री अडीच वाजता ती थांबेना तेव्हा मीच म्हणाले, द्या पावडर. सासूबाईंनी मुकाट्याने पाणी गार केलं. डबा माझ्या हातात होता म्हणून मी तो वाचला. वर लिहिलं होतं, तुमच्या बाळासाठी आईचं दूध सर्वोत्तम. कायद्यानेच तसं लिहावं लागतं, 1992 चा कायदा आहे. डब्यावर बाळाचं चित्रसुद्धा छापता येत नाही. कायदा चांगला आहे, मला पूर्ण मान्य आहे. पण रात्री अडीचला, ठणकणाऱ्या पोटाने, पेंगुळलेल्या डोळ्यांनी ते वाक्य वाचणारी बाई कोण असते, याचा विचार ते लिहिणाऱ्याने केला नसणार. लेक बोंडल्यातून मचमच करत प्यायली आणि शांत झोपली. मला हायसं वाटलं. इतकं हायसं, की पाठोपाठ त्याचीच शरम आली. दोन्ही एकदम, एकमेकांत मिसळून. आजही त्या रात्रीचं आठवलं की आधी कुठलं येतं ते सांगता येत नाही.

याच रात्रींमध्ये फोनवर मी काय काय वाचलं. दुधाची किल्ली वारेत, म्हणजे प्लॅसेंटात असते. वार सुटली की नऊ महिने दुधाला दाबून ठेवणारं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दोन-चार दिवसांत दूध वाढायला लागतं. वार खालून पडली की वरून काढली, शरीराला त्याचं सोयरसुतक नाही. सिझरमध्ये थोडा उशीर होतो तो बाळ जवळ उशिरा येतं म्हणून, अंगात ताकद नसते म्हणून. आणि पान्हा फुटायला जे ऑक्सिटोसिन लागतं, ते दुखण्यापुढे आणि धास्तीपुढे आखडतं म्हणून. म्हणजे 'दूध आलं का' असं दर तासाला विचारणं हेच दूध अडवायचं उत्तम साधन! मी दुखण्याची गोळीही टाळत होते, दुधातून जाईल म्हणून. डॉक्टरांनी जवळजवळ रागावूनच ती घ्यायला लावली.

चौथ्या रात्री जाग आली ती ताप आल्यासारखी. छाती दगड झाली होती, काखेपर्यंत गाठी. लेकीला धरताच येईना, ताठरलेल्या कातडीवरून तोंड घसरायचं. सिस्टरचं आठवून आधी हाताने थोडं काढलं, पंचा गरम पाण्यात पिळून शेकलं, जरा मऊ पडल्यावर तिला कळशीसारखी घेतली. आणि मग ते झालं. आतून मुंग्या आल्यासारखं, काहीतरी सुटल्यासारखं, त्याच वेळी ओटीपोटात कळ, कारण गर्भाशयही त्याच हुकमाने आकसतं. दुसऱ्या बाजूने आपोआप गळायला लागलं, गाऊन भिजला, चादर भिजली. पण मी बघत होते तिचा कान. आधी नुसतं भरभर चोखायची तेव्हा कान स्थिर असायचा. आता जबडा खोल हलत होता, आणि प्रत्येक वेळी कानाची पाळी अगदी जराशी वर सरकत होती. थांबा. घुटका. थांबा. घुटका. पंख्यावर वाळत घातलेल्या दुपट्यांचा दमट वास, ओव्याची धुरी, आणि त्या अंधारात तो आवाज. मी कुणालाच उठवलं नाही. म्हटलं, सकाळपर्यंत हे माझं एकटीचं असू दे.

सकाळी बाबा आले तेव्हा मारुतीच्या पायाशी पाणी आलं होतं. गाडगे महाराज पुलाखाली नुसता गाळ, म्हणाले. त्यांना मी काही सांगितलं नाही; ओली चादर बघून ते आपोआप बाहेर जाऊन बसले.

नंतर पावडर सुटायला पंधरा दिवस लागले. एका बाजूला चिरा पडल्या, डोळ्यांत पाणी यायचं. पुढे मात्र दीड वर्ष पाजलं. ते भरपूर दूध खोटं नव्हतंच. मी फक्त त्याच्या आधीचे चार दिवस कापून टाकले होते, जसा पहिला चीक पिळून टाकायचे.

बुधवारी ऑफिसला जायच्या आधी पुन्हा हॉस्पिटलला गेले. खोलीत तिच्या सासूबाई होत्या, एक आत्याही आलेल्या. मी दारातूनच म्हणाले, "अगं, काल मी खोटं बोलले. मला चौथ्या रात्री आलं होतं. तोवर पावडर दिली होती." मला वाटलं होतं ती हसेल, निदान सैलावेल. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरले. "मग काल का नाही सांगितलंस? रात्रभर रडतेय मी." तिचा आवाज चढला होता. आत्यांनी पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी "चुकलंच माझं" म्हणाले आणि ते हवेत तसंच राहिलं.

तेवढ्यात बाळ कुरकुरलं. मी पलंगाची पाठ वर केली, उशा मागून घेतल्या, एक तिच्या कुशीला लावली. ती नाक पुसत मला करू देत होती, अजून रागातच. "कळशी कशी घेतो आपण काखेत," मी म्हणाले, "तसं धरायचं."

"मी कुठे कळशी घेतलीय कधी?" ती म्हणाली. खरंच होतं. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली पोर, नळ सोडला की पाणी. मी हातात तिचं लेकरू घेऊन विचार करत उभी राहिले. घागर, हंडा, कळशी, सगळं बाद.

"मेन रोडला दिवाळीच्या गर्दीत पर्स कशी धरतेस?"

तिने क्षणभर विचार केला आणि उजवं कोपर अंगाशी घट्ट आवळलं. "हां," मी म्हणाले, "आता जरा सैल," आणि बाळाचे पाय तिच्या पाठीमागे सरकवले.